किडनी लागली, रक्त बनेना

माझ्या धाकट्या भावाला मी किडनी दिली. शस्त्रक्रिया मुंबईत झाली. आमची घरं इथे विरारजवळ आगाशीला, एकाच आळीत. किडनी पहिल्याच दिवशी चालू झाली, क्रिएटिनिन उतरलं, डायलिसिस सुटलं. भेटायला येणारा प्रत्येक जण 'आता सुटलात' म्हणून जात होता. आणि दुसऱ्या महिन्यानंतर त्याचं रक्त कमी व्हायला लागलं. किडनी उत्तम, माणूस मात्र दिवसेंदिवस पांढराफटक. कारण निघालं पार्वोव्हायरस बी-१९ नावाचा विषाणू. ते सापडेपर्यंत बराच काळ गेला आणि सापडल्यावरही वाट सरळ नव्हती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. औषधांचा निर्णय नेफ्रॉलॉजिस्टचाच. पण वसई-विरारसारख्या ठिकाणी, जिथून मोठं रुग्णालय गाठायला अर्धा दिवस जातो, तिथे रोज माणसाकडे बघणारे घरचेच असतात. काय बघायचं आणि काय विचारायचं हे त्यांना माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

१. रक्त वाढायच्या दिवसांत उतरत असेल तर कारण मागा

किडनी लघवी तयार करते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरकही तयार करते आणि हाडांमधल्या मज्जेला लाल पेशी बनवायला लावते, हे फार कमी जणांना माहीत असतं. डायलिसिसच्या रुग्णांना रक्तवाढीची इंजेक्शनं टोचावी लागतात ती याचमुळे. नवी किडनी नीट चालली की साधारण दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन आपसूक वर येऊ लागतं.

माझ्या भावाचं उलट झालं. विरार स्टेशनचा पूल चढताना तो मध्येच कठडा धरून उभा राहू लागला. खालची पापणी ओढून पाहिली तर लाली नाही. 'मोठं ऑपरेशन झालंय, थकवा राहणारच,' असं सगळे म्हणत. शस्त्रक्रियेचा थकवा दिवसागणिक कमी होतो. हा वाढत होता. शिवाय क्रिएटिनिन चांगलं असताना हिमोग्लोबिन घसरत होतं, म्हणजे किडनीवर बोट ठेवता येत नव्हतं. असे दोन आकडे विरुद्ध दिशेला जाताना दिसले की पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

२. आधी साधी कारणं तपासली जातात, आणि ते बरोबरच आहे

लोह कमी असेल, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असेल, पोटात कुठे रक्तस्राव होत असेल. प्रत्यारोपणानंतरची औषधंही मज्जा दाबतात: मायकोफिनोलेट, संसर्ग टाळण्यासाठी दिली जाणारी सेप्ट्रानची गोळी, सीएमव्ही विषाणूविरुद्धचं व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हिमोग्लोबिन थोडं उतरतं. आपल्याकडे क्षयरोगही विसरून चालत नाही. या सगळ्यातून डॉक्टरांना जावं लागतं. घरच्यांनी एवढंच करावं, की दिलेल्या प्रत्येक गोळीचं नाव आणि ती कधी सुरू झाली, कधी बंद झाली याची तारीखवार वही ठेवावी. आमच्या वहीमुळेच एका बैठकीत तीन औषधांवरचा संशय मिटला.

३. 'रेटिक किती आहे?' हा प्रश्न विचारा

माझ्या सगळ्या अनुभवातून एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन.

हिमोग्लोबिनचा आकडा अंगात आज किती रक्त आहे ते सांगतो, ते का कमी आहे हे सांगत नाही. त्यासाठी रेटिक्युलोसाइट काउंट लागतो. रेटिक्युलोसाइट म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे रोज सुमारे एक टक्का पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या याव्या लागतात; मोठ्या माणसाच्या अंगात रोज अंदाजे २० हजार कोटी. वाडीतल्या झाडाची पिकली पानं गळतात त्याची कुणी काळजी करत नाही, नवा कोंब फुटतोय का ते बघतात. रेटिक म्हणजे तो कोंब.

रक्त वाहून जात असेल किंवा पेशी फुटत असतील तर मज्जा जोर लावते आणि रेटिक वाढतं. लोह कमी असलं तर ते हवं तेवढं वाढत नाही, पण काहीतरी उत्पादन चालू असतं. माझ्या भावाचं रेटिक आलं ०.१ टक्का. नेहमीचं प्रमाण साधारण अर्धा ते अडीच टक्के. पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ठीक, फक्त लाल पेशींचा कारखाना बंद. याला प्युअर रेड सेल अप्लेजिया म्हणतात. मज्जेतली बाकीची कामं चालू असताना एकच काम कुणीतरी थांबवलेलं आहे, हे एवढ्या एका आकड्यावरून कळलं आणि तपासाची दिशाच बदलली.

ही महागडी चाचणी नाही. वसई, नालासोपारा, विरारच्या साध्या लॅबमध्येही होते. पण सीबीसीच्या छापील रिपोर्टमध्ये ती बहुतेक वेळा आपोआप येत नाही, वेगळी लिहून द्यावी लागते. हिमोग्लोबिन सलग दोन तपासण्यांत घसरलं, तर चिठ्ठीवर ती लिहून मागा.

आणखी एक. रक्त चढवल्यावर हिमोग्लोबिन लगेच वर दिसतं आणि घरात सगळे निःश्वास सोडतात. ते दुसऱ्याचं रक्त असतं. आपलं बनतंय का हे तेव्हाही रेटिकच सांगतं.

४. हा विषाणू ओळखीचा आहे, फक्त अशा ठिकाणी आपण त्याला ओळखत नाही

लंडनमध्ये १९७५ साली इव्होन कोसार्ट या ऑस्ट्रेलियन विषाणुतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी हिपॅटायटिस बी साठी रक्ताचे नमुने तपासत होते. 'बी' गटातल्या १९व्या नमुन्यात त्यांना वेगळेच कण दिसले. तोच हा बी-१९. लहान मुलांना याचा संसर्ग झाला की थोडा ताप, सर्दी आणि मग दोन्ही गाल चापट मारल्यासारखे लालबुंद होतात. मूल आठवड्याभरात खेळायला लागतं. शाळेत मी असे गाल कितीदा पाहिले असतील. उन्हाने झालं म्हणून आया सांगतात आणि विषय संपतो. मोठ्यांपैकी बहुतेकांना तो लहानपणी होऊन गेलेला असतो, त्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं असतात.

हा विषाणू लाल पेशींच्या आईवर, म्हणजे मज्जेतल्या कोवळ्या मूळपेशीवर बसतो. त्या पेशीच्या पृष्ठभागावर 'पी' नावाचं प्रतिजन असतं, ते त्याचं दार; हे १९९३ साली कळलं. आत शिरून तो पेशी मारतो. धडधाकट माणसातही काही दिवस नवं रक्त बनणं थांबतं, पण १२० दिवस जगणाऱ्या पेशींचा साठा असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. तोवर प्रतिपिंडं तयार होऊन विषाणू हटतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती किडनी टिकावी म्हणून औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. प्रतिपिंडं पुरेशी बनत नाहीत, विषाणू महिनोन्महिने मुक्काम करतो.

आणि गालांवरची लाली, सांधेदुखी ही लक्षणं शरीराच्या प्रतिकारामुळे उमटतात. प्रतिकारच दाबलेला, म्हणून अशा रुग्णात ती बरेचदा दिसतच नाहीत. माझ्या भावाला ना पुरळ, ना सांधेदुखी. थोडी कणकण आली होती, आणि आमच्याकडे ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड या तीन तपासण्या होतात. तिन्ही निगेटिव्ह आल्या. पावसाळ्यानंतरच्या वसईत त्यात वावगं काहीच नव्हतं.

या विषाणूचं आपल्या पालघर जिल्ह्याशी आणखी एक नातं आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या लाल पेशी जेमतेम १० ते २० दिवस जगतात, त्यामुळे मज्जा आठवडाभर थांबली तरी मूल एकाएकी मरणाच्या दारात जातं. सिकलसेलच्या मुलांवर उपचार करणारे डॉक्टर म्हणून रेटिक आणि पार्वो हे दोन शब्द चटकन जोडतात. शंका आली तर रक्ततज्ज्ञाचं, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टचं मत मागायला बिचकू नका. आमच्या बाबतीत किडनीचे आणि रक्ताचे डॉक्टर एकत्र बसले, तेव्हाच गाठ सुटली.

५. प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून विषाणू नाही असं होत नाही

आयजीएम चाचणी आपलं शरीर विषाणूविरुद्ध काय बनवतंय ते पाहते. दाबलेलं शरीर काही बनवतच नसेल तर ती निगेटिव्ह येणारच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००६ साली प्रत्यारोपणानंतरच्या पार्वो संसर्गाच्या ९८ रुग्णांचा आढावा छापला. जवळजवळ सगळ्यांना ॲनिमिया होता, पण सुमारे पाव रुग्णांत सुरुवातीला आयजीएम सापडलं नव्हतं. म्हणून रक्तातल्या विषाणूच्या डीएनएची पीसीआर चाचणी मागावी लागते. नमुना मुंबईला जातो, रिपोर्टला काही दिवस लागतात. काही रुग्णांची मज्जाही तपासतात; कमरेच्या हाडातून, जागा बधिर करून. त्यात मोठमोठ्या आकाराच्या अर्धवट लाल पेशी दिसल्या की पार्वोचा संशय पक्का होतो.

पीसीआर बरं झाल्यावरही कित्येक महिने थोडी पॉझिटिव्ह राहू शकते. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका. रेटिक आणि हिमोग्लोबिन काय करतात ते महत्त्वाचं.

६. रक्त लागलं तर घ्यायचं, पण कसलं ते ठरवून

भावाचं हिमोग्लोबिन सहाच्या खाली गेलं तेव्हा रक्त चढवण्याला पर्याय नव्हता. तेव्हा घरातली तरणी मुलं, पुतणे, भाचे 'माझं घ्या' म्हणून दारात उभे राहिले. डॉक्टरांनी समजावलं: रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं रक्त, ते इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरणांचा मारा दिलेलं नसेल तर, अशा रुग्णाला नको. त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या अंगात रुजून उलट त्याच्यावर हल्ला करू शकतात. दुसरी गोष्ट, दर बाटलीबरोबर परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याचा धोका वाढतो, आणि तीच उद्या किडनीवर उलटू शकतात. म्हणून पांढऱ्या पेशी काढून टाकलेलं, ल्युकोरिड्यूस्ड रक्त मागायचं आणि गरजेपुरतंच घ्यायचं. मुलांनी रक्तपेढीत जाऊन दुसऱ्या कुणासाठी रक्त दिलं. ते मला फार आवडलं.

७. औषधं कमी करण्याची भीती खरी आहे, ती बोलून दाखवा

पार्वोवर खास औषध नाही, लसही नाही. पहिला उपाय असतो प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं, म्हणजे शरीर स्वतः लढेल. आमच्याकडे मायकोफिनोलेट थांबवलं आणि टॅक्रोलिमसचा डोस उतरवला. काही ठिकाणी टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन देतात.

हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला. किडनी माझी होती. ती सांभाळायला जी औषधं, तीच कमी करायची म्हणजे शरीराने ती नाकारली तर? भाऊ काही बोलत नव्हता. घरी आल्यावर म्हणाला, 'ताई, तुझी किडनी गेली तर मी तुला काय सांगू?' त्या एका वाक्यात त्याने महिनाभर मनात ठेवलेलं बाहेर आलं. मी त्याला म्हटलं, दिली तेव्हाच ती तुझी झाली, आता ती दोघांनी मिळून राखायची. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी डॉक्टरांना हेच विचारलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं की धोका आहे, म्हणून दर आठवड्याला क्रिएटिनिन आणि टॅक लेव्हल, म्हणजे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी बघू, वाढ दिसली की लगेच बदल करू. भीती गेली नाही, पण तिच्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी आहे हे कळलं.

टॅक लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, आधीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. पहाटेची लोकल पकडून, गोळी खिशात ठेवून जायचं, रक्त दिल्यावरच गोळी घ्यायची. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर हवीच. जवळच्या लॅबचं संकलन केंद्र ही चाचणी करत असेल तर चौकशी करा. मात्र आकडे तुलना करण्याजोगे राहावेत म्हणून दर वेळी एकाच लॅबमध्ये द्या.

८. आयव्हीआयजी: पैशाची तयारी आधी, सुई नंतर

औषधं कमी करून भागलं नाही तेव्हा आयव्हीआयजी द्यायचं ठरलं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली ही प्रतिपिंडं. बहुतेक मोठ्या माणसांना पार्वो होऊन गेलेला असल्यामुळे त्याविरुद्धची प्रतिपिंडं या बाटलीत आयती असतात. ज्यांची नावं आम्हाला कधी कळणार नाहीत अशा माणसांच्या बालपणीच्या तापाने माझ्या भावाची मज्जा चालू झाली. हे आठवलं की मला आजही भरून येतं.

नेहमीची मात्रा किलोमागे एकूण दोन ग्रॅम, बहुधा पाच दिवसांत विभागून. ५० किलोच्या माणसाला १०० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. खर्च मोठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्यारोपणाचा समावेश आहे, पण नंतर उद्भवलेल्या अशा उपचाराला काय मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवा. वसई तहसील कार्यालयात तो काढायला वेळ लागतो. बाटली लावायच्या आदल्या दिवशी धावपळ करून निभत नाही.

औषध सावकाश सोडायला सांगा. घाईत सोडलं तर डोकं ठणकतं, थंडी वाजून ताप येतो, आणि किडनीवरही ताण येऊ शकतो. साखर, म्हणजे सुक्रोज असलेलं आयव्हीआयजी किडनीच्या रुग्णाला टाळतात. नर्सला बाटलीवरचं लेबल वाचून दाखवायची विनंती करायला संकोच नको. बहुतेक बाटल्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. आमच्या भागातली वीज आणि लोकल पावसात काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे; जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून गाड्या ठप्प होत्या आणि वसईत वीजही गेली होती. त्यामुळे बाटल्या घरी आणून साठवण्याच्या फंदात पडू नका, जिथे द्यायच्या तिथेच ठेवायला सांगा. रोजच्या गोळ्यांचा मात्र पावसाळ्यात पंधरा दिवसांचा साठा घरात हवा.

आयव्हीआयजी दिल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात रेटिक तीन टक्क्यांवर गेलं. हिमोग्लोबिन तेव्हा जेमतेम हललं होतं, पण आम्हाला कळलं होतं.

९. बीट, खजूर, काढे

बीट-खजूर खाऊ द्या, त्याने या आजारात रक्त वाढणार नाही, एवढं माहीत असलं की झालं. लोहाच्या गोळ्याही तपासणीशिवाय नकोत. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा, त्यांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते. गुळवेलीचा काढा घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांना हात जोडून नाही म्हणा. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली आहे, आणि प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली दिलेली कुठलीही वस्तू प्रत्यारोपण झालेल्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही.

१०. गरोदर बाईला या रुग्णापासून दूर ठेवा

हे आम्हाला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. भाची पाचव्या महिन्यात होती आणि मामाला भेटायला वरचेवर येत होती. ज्या रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर आहे, तो श्वासातून, खोकल्यातून हा विषाणू पसरवू शकतो. गरोदर बाईला हा संसर्ग पहिल्यांदाच झाला तर पोटातल्या बाळाचं रक्त बनणं थांबू शकतं, बाळ दगावूही शकतं. भाचीने तिच्या डॉक्टरांना सांगून प्रतिपिंडं तपासून घेतली. तिला तो लहानपणीच होऊन गेला होता. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण घरात असेल तर त्यालाही हाच नियम.

घरातल्या लहान मुलांवर मात्र खापर फोडू नका. मूल सर्वांत संसर्गजन्य असतं ते गाल लाल होण्याच्या आधी, तेव्हा ते फक्त शिंकत असतं. विषाणू मुलाकडून आला, रक्तातून आला की किडनीबरोबर माझ्याकडून आला, हे आमच्या बाबतीत कधीच ठरलं नाही. रक्तपेढीत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांची तपासणी सक्तीची आहे; पार्वोची नाही. साबण-पाण्याने हात धुवा. या विषाणूवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही.

११. तो परत येऊ शकतो

काही रुग्णांत काही महिन्यांनी रक्त पुन्हा उतरतं आणि आयव्हीआयजी पुन्हा द्यावं लागतं. भावाला दुसऱ्यांदा लागलं. दुसऱ्या वेळी रडारड झाली नाही, कारण हिमोग्लोबिन अकरावर असतानाच रेटिक घसरलेलं आम्ही पाहिलं आणि उपचार वेळेत सुरू झाले. रक्त चढवावं लागलंच नाही. आता तो रोज वाडीत दोन तास काम करतो, पूल न थांबता चढतो, किडनी ठीक आहे.

त्याच्या फाइलच्या वर एक कागद टाचलेला आहे. त्यावर प्रत्यारोपणाची तारीख, चालू गोळ्या, शेवटचं रेटिक आणि 'पार्वोव्हायरस बी-१९ होऊन गेला आहे, दोनदा' एवढंच ठळक लिहिलं आहे. सर्दीतापासाठी आगाशीच्या डॉक्टरांकडे गेलो तरी आधी तो कागद दाखवतो आणि सीबीसीच्या चिठ्ठीवर रेटिक लिहून घेतो.